धोक्यातल्या इमारतींमधली स्टेन्ड ग्लास: सोडवणं आणि नव्या जागी बसवणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चर्च बंद होतात, शाळांच्या जुन्या इमारती विकल्या जातात, हॉस्पिटलातलं प्रार्थनागृह नव्या आराखड्यात बसत नाही. अशा वेळी सगळ्यात आधी विचारात येतं छप्पर, मग जमीन. स्टेन्ड ग्लास, म्हणजे शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेल्या रंगीत काचांच्या खिडक्या, आठवतात त्या बहुतेकदा पाडकामाचा ठेकेदार आल्यावर. खालचे प्रश्न त्या घाईतल्या माणसांकडून येणारे आहेत: विश्वस्त, शेजारी, वास्तुविशारद, कधी खिडकी ज्यांच्या स्मरणार्थ दिली होती त्यांचे नातेवाईक.

इमारत पाडणार असल्याचं आत्ताच कळलं. पहिलं काम कोणतं?

फोटो काढा. परवानग्या, पैसे, जागा, कारागीर हे सगळं नंतर येईल. इमारतीत शिरता येतंय तोवर प्रत्येक खिडकीचा फोटो घ्या. मग मालकाला लेखी विचारा की काचांचं काय ठरलंय. तोंडी उत्तरावर विसंबू नका, कारण मालक, विकासक आणि पाडकामाचा ठेकेदार हे तीन वेगळे पक्ष असतात आणि प्रत्येकाला वाटतं की काचांचं दुसरा कोणीतरी बघतोय. पाडकामाच्या करारात ‘निघणारं सामान ठेकेदाराचं’ असं कलम आहे का, हे याच टप्प्यावर तपासा. ते कलम असेल आणि सही झालेली असेल, तर बोलणी मालकाशी नाही, ठेकेदाराशी करावी लागतात.

खिडकी आहे तिथेच ठेवता येणार नाही का?

येत असेल तर तीच उत्तम वाट. खिडकी एका विशिष्ट भिंतीसाठी, दिशेसाठी, उंचीसाठी आणि उजेडासाठी केलेली असते. वीस फुटांवरून बघायचा चेहरा डोळ्यांच्या पातळीवर आणला की भडक आणि ओबडधोबड दिसतो; त्यात चित्रकाराची चूक नसते. म्हणून इमारतीचा वापर बदलणार असेल, ती पडणार नसेल, तर काच काढायचा प्रस्ताव आला की आधी ‘का?’ विचारा. ‘नव्या वापराला शोभत नाही’ हे कारण मला कधीच पटलेलं नाही. आतून पारदर्शक पडदी उभारून किंवा खिडकी झाकून ठेवूनही काम भागतं, आणि पुढच्या पिढीला ती उघडता येते.

इमारत नुसती रिकामी पडून असेल तर बाहेरून प्लायवूड किंवा पॉलिकार्बोनेटचा पत्रा लावून दगडफेकीपासून बचाव होतो. पत्रा काचेला चिकटवून, चारही बाजू बंद करून लावू नका. मागे हवा खेळली नाही की बाष्प साठतं, ते काचेवर धरतं आणि रंगाचा थर सुटायला लागतो.

काच कोणाच्या मालकीची असते?

साधारण नियम असा की भिंतीत बसवलेली खिडकी इमारतीचा भाग, म्हणून इमारतीच्या मालकाची. देणगी देणाऱ्या कुटुंबाची तिच्यावर मालकी राहतेच असं नाही, पण त्यांना कळवणं ही किमान सभ्यता आहे, आणि पुष्कळदा पैसा आणि कागदपत्रं तिथूनच मिळतात. इमारत वारसा यादीत असेल तर मालकालासुद्धा परवानगीशिवाय खिडकी काढता येत नाही. प्रार्थनास्थळांना त्यांच्या धर्मसंस्थेची वेगळी परवानगी लागू शकते. काच अलीकडच्या कलाकाराची असेल तर त्याचा किंवा वारसांचा स्वामित्वहक्क (कॉपीराइट) अजून चालू असण्याची शक्यता असते. ती हलवताना, आणि विशेषतः तिचा आकार बदलताना, त्यांना विचारलेलं बरं.

ठेकेदार म्हणतोय, ‘उद्या सकाळपर्यंत काढून न्या, नाहीतर जाईल ढिगाऱ्यात.’ न्यावी का?

लेखी संमती असेल आणि दुसरा मार्गच नसेल तर हो. पण आधी मुदत वाढवून मागा. पाडकाम क्वचितच खिडक्यांपासून सुरू होतं. आतलं लाकूड, वायरिंग, छप्पर आधी उतरतं, आणि तेवढ्यात काचांचं काम होऊ शकतं. शिवाय त्याची परांची आधीच उभी असेल तर ती वापरायला मिळणं ही मोठी बचत असते.

आमच्या खिडक्या वाचवण्याजोग्या आहेत का, हे कसं ओळखायचं?

वयावरून लगेच ठरवू नका. आधी काच रंगवलेली आहे की नुसती रंगीत, ते बघा. खऱ्या रंगकामात लोह किंवा तांब्याची ऑक्साइडं आणि काचेची पूड यांचं मिश्रण काचेवर लावून भट्टीत भाजतात. काळ्या-तपकिरी रेषा आणि छटा त्यातून येतात. पिवळा रंग बहुधा चांदीच्या क्षारांचा, तो काचेतच मुरतो. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून युरोपात ही रीत रुळली. लाल काच कडेवरून पाहिली तर अनेकदा फिक्या काचेवर लालचा पातळ थर दिसतो. उलट, साध्या काचेवर चिकटवलेली रंगीत फिल्म नखाने कडेला उचलते.

मग खालचा उजवा कोपरा बघा. सही, कारखान्याचं चिन्ह किंवा वर्ष असेल तर बहुधा तिथे किंवा किनारीत असतं. अर्पणपत्रिकेची ओळ तळाशी असते. ती तुटकी असली तरी उतरवून घ्या, कारण जुन्या हिशेबवह्यांत शोध घ्यायचा तो त्या नावावरून.

चौकोनी किंवा शंकरपाळी आकाराच्या फिक्या काचांच्या साध्या खिडक्यांना कोणी वाली नसतो. त्यांतली तोंडाने फुंकून, हाताने केलेली काच दुरुस्तीच्या कामाला सोन्यासारखी उपयोगी पडते, आणि ती सगळ्यात आधी फुटते.

नोंद म्हणजे नेमकी काय ठेवायची?

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण बचावाची बहुतेक कामं इथेच फसतात. काच सुखरूप निघते, पेटीत जाते, पेटीवर ‘खिडकी, मोठी’ असं लिहिलं जातं, आणि ती ठेवणारा माणूस निवृत्त झाला की त्या पेटीत फक्त शिशात बसवलेली रंगीत काच उरते. कुठली, कोणाची, कशाच्या शेजारची, काही सांगता येत नाही.

तर, प्रत्येक खिडकीचे दोन प्रकारचे फोटो हवेत. एक आतून, मागून उजेड येत असताना: यात रंग आणि चित्र दिसतं. दुसरा समोरून उजेड टाकून, आतून आणि बाहेरून: यात शिशाच्या पट्ट्या, फुगवटे, तडे, जुन्या दुरुस्त्या दिसतात. ढगाळ दिवस उत्तम, कारण थेट उन्हात फोटोत अर्धी खिडकी पांढरीफटक होते आणि अर्धी काळी पडते. फोटोत मोजपट्टी धरा.

क्रमांक देताना जगभर रुळलेली रीत वापरा: खिडकीकडे आतून बघायचं, ओळी खालून वर मोजायच्या, उभे भाग डावीकडून उजवीकडे. म्हणजे सगळ्यात खालचं डावं तावदान ‘१ अ’. मध्ययुगीन काचांची नोंद करण्यासाठी 1952 मध्ये सुरू झालेला ‘कॉर्पस विट्रिआरम’ हा आंतरराष्ट्रीय प्रकल्प अशाच पद्धतीने क्रमांक देतो, आणि पुढे कुठल्याही देशातला जाणकार ते वाचू शकतो.

तावदान काढल्यावर त्यावर पातळ कागद ठेवून मेणकांडी किंवा ग्राफाइट हलक्या हाताने घासा. शिशाच्या रेषांचा खऱ्या मापाचा ठसा मिळतो. रंग सुटत असेल तर हे करू नका. रिकाम्या झालेल्या चौकटीचाही जाड कागदावर साचा काढा, कारण जुनी दगडी चौकट कधीच काटकोनात नसते. फोटो, साचे, संमतिपत्रं यांची एक प्रत काचेबरोबर आणि एक वेगळ्या जागी ठेवा.

आम्ही स्वतः काढली तर चालेल?

रंगकाम नसलेली, हाताला पोचणारी, लाकडी चौकटीतली छोटी खिडकी सुतारकामाची सवय असलेला माणूस काढू शकतो. बाकी सगळ्याला जाणकार कारागीर लागतो, आणि तो ‘काचवाला’ असून भागत नाही, शिशातल्या काचांचं काम केलेला हवा.

काम कसं चालतं ते माहीत असलं तर देखरेख करता येते. खिडकी बहुधा एकसंध नसते; एकावर एक रचलेल्या तावदानांची असते. शिशावर सोल्डर केलेल्या तांब्याच्या तारा आडव्या लोखंडी गजांना पिळून बांधलेल्या असतात. त्या आधी सोडवायच्या. मग कडेची लांबी (पुटी) किंवा चुन्याचा गिलावा छोट्या छिन्नीने, करवतीच्या पात्याने थोडा थोडा खरवडायचा. बसवताना खालून वर जातात, म्हणून काढताना सहसा वरून खाली येतात. दगडाच्या खाचेत बसवलेलं तावदान अनेकदा एका बाजूच्या खोल खाचेत सरकवून दुसऱ्या बाजूने सोडवता येतं. ते न कळल्यामुळे सरळ ओढलं जातं आणि कडेच्या काचा जातात. फुगलेल्या तावदानाला जागेवर दाबून सपाट करायचं नाही.

चौकट सिमेंटने भरलेली असेल तर वेळेचा अंदाज दुप्पट करा. सिमेंट काचेपेक्षा चिवट निघतं.

कोणत्या खिडक्या सोडवणं सर्वात कठीण?

काँक्रीटमधल्या जाड काचेच्या. विसाव्या शतकात, पहिल्यांदा फ्रान्समध्ये आणि मग दुसऱ्या महायुद्धानंतरच्या आधुनिक चर्चांमध्ये जगभर, सुमारे अडीच सेंटिमीटर जाडीच्या काचेच्या लाद्या फोडून त्यांच्याभोवती काँक्रीट किंवा इपॉक्सी (घट्ट होणारी राळ) ओतून भिंतीच उभ्या केल्या गेल्या. शिसं वाकतं, कापता येतं, पुन्हा घालता येतं. काँक्रीट यातलं काहीच करू देत नाही. ही तावदानं प्रचंड जड असतात आणि आतली सळई गंजून फुगलेली असली तर उचलतानाच तडकतात. त्या इमारती आता अर्ध्या शतकाहून जुन्या होऊन धोक्यात येत आहेत, वारसा याद्यांत त्यांना अजून फारशी जागा नाही, आणि काच तर काढता येत नाही. इथे इमारत वाचवण्यासाठीच भांडावं लागतं.

शिशाचा धोका खरा आहे की उगीच घाबरवतात?

खरा आहे. अखंड पट्टी हातात धरण्यात फारसं काही नाही, पण जुन्या शिशावरची पांढरी भुकटी, खरवडलेल्या लांबीची धूळ आणि चौकटीवरचा जुना शिसेयुक्त रंग श्वासातून आणि हातातोंडातून पोटात जातो. बारीक कणांसाठीचा मास्क, हातमोजे, कामाचे वेगळे कपडे, ओल्या फडक्याने पुसणं. झाडू नाही, फुंकर नाही. कामाच्या जागी खाणंपिणं नाही. लहान मुलं आणि गरोदर स्त्रिया तिथे नकोत. ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नका.

वाहतूक कशी करायची?

उभी. नेहमी उभी. शिशातलं तावदान आडवं धरलं की स्वतःच्या वजनाने मधोमध लवतं, सांधे उघडतात, काचा तडकतात. नुसत्या 3 मिलिमीटर काचेचंच वजन चौरस मीटरला साडेसात किलो होतं, वर शिसं वेगळं. म्हणून मोठं तावदान फळीला टेकवून, दोघांनी उचलायचं. गाडीत तिरक्या घोड्याला (आधाराच्या चौकटीला) टेकवून, मध्ये फोमच्या पट्ट्या घालून, कडेला घट्ट बांधायचं. रंग सुटत असलेल्या बाजूवर बबल रॅप, वर्तमानपत्र किंवा चिकटपट्टी थेट लावू नका. चिकटपट्टी काढताना तिच्याबरोबर चेहरा निघून येतो.

किती दिवस साठवून ठेवता येईल? पेटी कशाची असावी?

कोरडी, हवेशीर, तापमान फार वरखाली न होणारी जागा असेल तर कितीही. पेटीबद्दल मात्र एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ओक लाकूड आणि एमडीएफ (लाकडाच्या भुश्याची दाबून केलेली फळी) यांतून ॲसेटिकसारखी आम्लं हळूहळू बाहेर पडतात. बंद पेटीत ती साठली की शिसं पांढरं पडून भुसभुशीत होतं. म्हणजे ‘चांगल्या भक्कम लाकडाच्या’ पेटीत प्रेमाने बंद केलेली खिडकी पेटीतच खराब होते. उघड्या मांडणीत, उभ्या कप्प्यांत, खाली फोम घालून ठेवणं जास्त सुरक्षित. प्रत्येक कप्प्यावर तावदानाचा क्रमांक आणि फोटो बाहेरून दिसेल असा लावा.

आणल्यावर धुऊन घ्यावी का?

नको. मऊ कोरड्या ब्रशने सुटी धूळ काढा आणि थांबा. भट्टीत नीट न भाजलेला रंग पाण्याने जातो. काही खिडक्यांवर तर न भाजता वरून लावलेला रंग असतो. 1860 आणि 1870 च्या दशकांतल्या अनेक ब्रिटिश खिडक्यांमध्ये रंगात बोरॅक्स घातलं जायचं, ते बाष्पाने विरघळतं, आणि अनेक संतांचे चेहरे त्यामुळेच पुसट झाले आहेत. मध्ययुगीन काच बहुधा पोटॅशची असल्याने ती स्वतःच झिजते. घरातली काच पुसण्याची रसायनं या कशालाच लावायची नाहीत.

फुटलेले तुकडे टाकून द्यायचे?

एकही नाही. ज्या तावदानाखाली सापडला त्याचा क्रमांक लिहून पिशवीत ठेवा. एका डोळ्याएवढ्या तुकड्यावरून कारागीर रंग, जाडी आणि रेषेची धाटणी जुळवतो.

संग्रहालय घेईल ना?

शक्यता कमी. संग्रहालयांच्या कोठारांत आधीच गर्दी आहे, आणि दहा फुटी खिडकी मांडायला दहा फुटी उजेड लागतो. इंग्लंडमधल्या ईली इथलं स्टेन्ड ग्लास म्युझियम 1972 मध्ये नेमकं याच कामासाठी स्थापन झालं, बंद पडणाऱ्या चर्चांतल्या काचा वाचवण्यासाठी. तिथेही निवडूनच घेतात. लंडनमध्ये काचकारांच्या जुन्या व्यावसायिक संघाशी (गिल्डशी) जोडलेलं ‘लंडन स्टेन्ड ग्लास रिपॉझिटरी’ वेगळ्या पद्धतीने चालतं: काढलेल्या खिडक्या सांभाळायच्या आणि त्यांना बसवू शकणारी इमारत शोधून द्यायची. ही कल्पना मला संग्रहालयापेक्षा जास्त उपयोगाची वाटते.

प्रत्यक्षात खिडक्यांना घर मिळतं ते त्याच पंथाच्या दुसऱ्या प्रार्थनास्थळात, शाळेत, वाचनालयात, हॉस्पिटलमध्ये, किंवा त्याच जागी होणाऱ्या नव्या इमारतीच्या प्रवेशद्वारात. हा शेवटचा पर्याय विकासकाला लवकर, आराखडा कागदावर असतानाच सुचवला तर बऱ्याचदा मान्य होतो. विटा चढल्यावर कोणी भिंत फोडत नाही.

आधी काढायची की आधी जागा शोधायची?

जागा. पाडकाम डोक्यावर नसेल तर खिडकी भिंतीत राहू द्या आणि घर शोधा. काढलेली खिडकी कोणाच्याच डोळ्यांसमोर नसते, आणि तिच्यासाठी दरवर्षी भाडं मोजणारं कोणी फार काळ टिकत नाही.

नव्या चौकटीचं माप जुळत नाही. कापून बसवावी?

कापू नका. खिडकी लहान पडत असेल तर भोवती साध्या फिक्या काचेची किनार देऊन माप भरून काढतात. ती नवी आहे हे ओळखूही येतं. मोठी असेल तर ती जागाच चुकीची आहे. दिशाही बघा. उत्तरेच्या थंड उजेडासाठी केलेली फिकी खिडकी दक्षिणेच्या उन्हात धुऊन निघाल्यासारखी दिसते.

नवी जागा मिळाली म्हणजे बाहेरच्या वाऱ्यापावसालाही तिनेच तोंड द्यावं असं नाही. आता बाहेरून साधी काच आणि आत थोडं अंतर ठेवून, खोलीतली हवा मधून खेळेल अशी जुनी खिडकी बसवतात. दोन्ही बाजूंना सारखंच तापमान राहतं, बाष्प धरत नाही. बेल्जियममधल्या हेर्केनरोडे मठाच्या सोळाव्या शतकातल्या काचांचं असंच झालं. फ्रेंच क्रांतीनंतर मठ बंद झाला, सर ब्रुक बूथबी यांनी 1802 मध्ये त्या 200 पौंडांना घेतल्या आणि इंग्लंडमधल्या लिचफिल्ड कॅथीड्रलमध्ये बसवल्या. 2010 मध्ये त्या दुरुस्तीसाठी काढल्या, 2015 मध्ये परत आल्या त्या अशा हवेशीर संरक्षणासह.

लाइटबॉक्समध्ये, म्हणजे मागून दिवे असलेल्या पेटीत, लावली तर?

खिडकीविना जागेत चालतं. एलईडी वापरा, मध्ये दुधी पडदा ठेवा म्हणजे दिव्यांचे ठिपके दिसणार नाहीत, वरखाली हवेला वाट द्या, आणि मागून उघडता येईल असं दार ठेवा. पूर्ण तेजाने चोवीस तास चालू ठेवलेली खिडकी जाहिरातीच्या फलकासारखी दिसते. उजेड कमी-जास्त करता आला तर ती जिवंत वाटते.

एका खिडकीची तावदानं वेगवेगळ्या लोकांना वाटून दिली तर सगळ्यांचंच समाधान होईल की?

देणाऱ्याचं होईल. फ्रेंच क्रांतीत अलेक्झांद्र लेन्वार यांनी पॅरिसमध्ये सें-देनी या मठाच्या चर्चसह अनेक ठिकाणच्या वस्तू गोळा करून संग्रहालय उभं केलं, त्यात काचाही होत्या. ते 1816 मध्ये बंद झालं आणि पुष्कळ काचा बाजारात पांगल्या. इंग्लंडमधल्या ट्वायक्रॉस या खेड्यातल्या चर्चमध्ये आज सें-देनी आणि पॅरिसमधल्या सेंत-शापेल या प्रार्थनागृहाच्या काचा बघायला मिळतात. वाचल्या, हे खरंच. पण कुठला तुकडा कोणाच्या शेजारी होता हे जुळवण्यात अभ्यासकांच्या पिढ्या गेल्या. वाटणी अटळ असेल तर निदान एक संपूर्ण प्रसंग एकत्र ठेवा, आणि कोणतं तावदान कुठे गेलं याची यादी प्रत्येकाला द्या.

कोणी चांगली किंमत देत असेल तर विकायला काय हरकत?

कायद्याने मालकाला हरकत नसेल तर नाही. फक्त कागद पक्के ठेवा. दफनभूमीतल्या समाधिगृहांतून अमेरिकन काचकलाकार टिफनी यांच्या खिडक्या चोरून संग्राहकांना विकल्याची प्रकरणं अमेरिकेत न्यायालयात गेली आहेत, आणि मालकीचा माग नसलेल्या खिडकीकडे जाणता ग्राहक संशयानेच बघतो. आलेला पैसा उरलेल्या काचांच्या देखभालीला लावायचा, असा ठराव विक्रीच्या आधी करून घ्या. नंतर तो पैसा छपराला जातो.

आग लागून गेलेल्या इमारतीत काही उरतं का?

वाटतं त्यापेक्षा जास्त. शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं, सोल्डर त्याच्याही बरंच आधी, म्हणून तावदानं कोसळतात. पण खाली ढिगाऱ्यात काचा सापडतात. लुई कम्फर्ट टिफनी यांचं लॉरेल्टन हॉल हे घर 1957 मध्ये जळालं, तेव्हा ह्यू आणि जेनेट मॅकीन या दांपत्याने उरलेल्या खिडक्या आणि वास्तूचे भाग विकत घेतले. 1893 च्या शिकागो प्रदर्शनासाठी केलेलं टिफनीचं प्रार्थनागृहही त्यातून हाती आलं. ते फ्लोरिडातल्या मोर्स म्युझियममध्ये पुन्हा उभं राहून लोकांसाठी खुलं झालं 1999 मध्ये. आगीनंतर ढिगारा जेसीबीने उचलण्याआधी खिडक्यांखालचा भाग दोरी लावून वेगळा करून घ्या, आणि हाताने चाळा.

खूप शोधलं, कोणीच घेत नाही. मग?

मग क्रम लावा. सही असलेलं, रंगकाम उत्तम असलेलं, अर्पणपत्रिका असलेलं तावदान आधी. ते एखाद्या स्थानिक संस्थेच्या जिन्यात किंवा वाचनालयाच्या खिडकीपुढे टांगण्याइतकं लहान असतं, आणि तेवढ्याला जागा मिळते. हाताने केलेली साधी काच दुरुस्तीची कामं करणाऱ्या कार्यशाळेला द्या. तिथे तिला नेहमी मागणी असते. संपूर्ण खिडकीचे फोटो, ठसे आणि साचे अभिलेखागारात जमा करा आणि पोच घ्या. वाचलेल्या प्रत्येक तावदानाच्या चौकटीवर, मागच्या बाजूला, इमारतीचं नाव, गाव, खिडकीची दिशा, क्रमांक आणि काढल्याची तारीख टिकाऊ शाईने लिहून ठेवा. कागदाची चिठ्ठी चिकटवू नका, ती पडते.